तानपुरा वजा करून

हेडफोन चढवले, रेकॉर्डिंग लावलं, ताईंचा सा आला आणि काहीतरी चुकलं. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. सा होता. ताईंचाच होता, जरा खरखरीत, ऐंशी वर्षांचा. पण त्याच्या खाली काही नव्हतं. तानपुराच नव्हता. मी सवयीप्रमाणे आधी स्वतःला शिव्या घातल्या, वायरी काढून पुन्हा घातल्या, डावा-उजवा कान बदलून पाहिला. रविवारची दुपार. घाटकोपरच्या माझ्या घराच्या खिडक्या बंद, कारण शेजारची सोसायटी पाडताहेत आणि त्यांना रविवार-बिविवार काही नसतो. ऐकताना मला पंखा चालत नाही म्हणून तोही बंद. मानेवरून घाम ओघळतोय आणि मी त्या घामात डोळे मिटून तानपुरा शोधतेय. नाहीच. ताई तोडीच्या गंधाराजवळ जाऊन परत येत होत्या आणि मध्ये श्वासाला थांबल्या की तिथे नुसती शांतता. तीसुद्धा खोलीतली नव्हे. खोली म्हटली की काहीतरी असतंच, पंखा असतो, खालचा भाजीवाला असतो. ही शांतता फडक्याने पुसून घेतलेली होती. आणि हे गाणं मी गेली दोन-तीन वर्षं दर गुरुवारी सकाळी फोनवर ऐकत होते, कांदा चिरताना, बसमध्ये, कुठेही, आणि मला एकदाही कळलं नव्हतं. फोनच्या एवढ्याशा भोकातून तानपुरा कुठला यायला? तो आपणच मनातल्या मनात लावून घेतो. मीही घेतला होता, आणि म्हणे मी साउंडमधली.

ताई म्हणजे रत्नप्रभाताई, माझ्या गाण्याच्या बाई. मुलुंडला राहतात, एकट्याच. शीतल नावाची बाई दिवसभर त्यांच्या सोबतीला असते. गुडघे गेले तसे त्यांचे वर्ग बंद पडले, तेव्हा त्यांच्या पुतण्याने, बोरिवलीच्या अनिरुद्धने, फोन स्टँडला लावून त्यांना दर गुरुवारी एका ॲपवरून थेट गायला बसवलं. आम्ही जुन्या शिष्या जिथे असू तिथून ऐकायचो आणि खाली नमस्काराचे हात पाठवायचो. आता त्या ॲपवाल्यांनी कळवलं, जुनी गाणी महिनाअखेरीला पुसून टाकणार. अनिरुद्धने मला फोन केला. "शुभाताई, तुमच्याशिवाय कोण करणार हे?" असं म्हणाला आणि मग खरं कारण सांगितलं. ताईंचं सहस्रचंद्रदर्शन आलंय. हॉल ठरलाय, मुलुंडलाच. सगळ्यांना वाटतंय की त्या दिवशी काकूने गावं. "पण काकू हो म्हणत नाही आणि नाहीपण म्हणत नाही. म्हणते, शुभाला नीट रेकॉर्ड करून आणायला सांग, तिच्या मोठ्या हेडफोनवर मला ऐकव म्हणावं. ऐकते आणि मग ठरवते, गाऊ की नको." एवढं सांगून तो हसला. मला हसू आलं नाही. ताईंना मी चांगली ओळखते. कौतुक करून घ्यायला बसणाऱ्यातल्या त्या नाहीत, चारचौघांत बेसूर व्हायची वेळ आली तर हॉलची पायरीसुद्धा चढणार नाहीत. म्हणजे ताई पुन्हा लोकांसमोर गाणार की नाही, हे आता मी नेलेल्या फायलीवर ठरणार होतं. कपाळ माझं! मला असली कामं नको असतात हो. मला रविवारी झोपायचं असतं.

पण एकदा घेतलं म्हटल्यावर नीटच करायचं, ही खोड. बाकीच्या बायकांनी आपापल्या परीने गाणी साठवायचा उद्योग केला होताच: एका फोनवर गाणं लावायचं, दुसरा फोन समोर धरायचा, आणि मग त्यात गाणं कमी, दाराची बेल आणि कुकरच्या शिट्ट्याच जास्त. मी तसलं करत नाही. आवाज संगणकाच्या आतल्या आत वळवायचा, बाहेरच्या हवेला लागूच द्यायचा नाही. दुसरं म्हणजे, ॲपकडून येणारा आवाज आधीच दाबून बारीक केलेला असतो. तो आपण साठवताना पुन्हा दाबायचा नाही, आहे तसा मोठ्या फायलीत ठेवायचा, नाहीतर वापरलेली चहापत्ती पुन्हा उकळल्यासारखं होतं, रंग येतो पण चव जाते. आणि घाई चालत नाही. गाणं जेवढं लांब तेवढाच वेळ बसायचं. मी बसले होते. सगळं अगदी व्यवस्थित केलं होतं, आवाजाची पातळी, फोनच्या घंट्या बंद, सगळं. आणि एवढ्या निगुतीने मी काय जपलं, तर तानपुरा वजा केलेली तोडी.

तानपुरा कुणी खाल्ला हे मला थोड्या वेळाने लक्षात आलं आणि डोकंच फिरलं. या ॲपांना बोलणाऱ्या माणसाचा आवाज तेवढा स्वच्छ हवा असतो. मागे सतत, एकसारखं काही गुणगुणत असेल तर ती कटकट आहे असं समजून ती आपोआप काढून टाकतात. पंखा, फ्रीज, एसी. आणि तानपुरा. आता त्या बिचाऱ्या यंत्राला कुणी सांगावं की बाबा रे, ही कटकट नाही, हिच्यावर तर सगळं उभं आहे. चिडून मी खुर्चीतून उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले. चिडायचा मला अधिकार तरी काय होता म्हणा. मी स्वतः अंधेरीच्या डबिंग स्टुडिओत दुसरं काय करते? दिवसभर सिरियलमधल्या सासवांचे श्वास कापते. हुंदक्याच्या आधीचा श्वास, शिवी घालायच्या आधीचा श्वास, ओठांचा चिकट आवाज, खुर्चीची कुरकुर. संध्याकाळी जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर बस अडकते तेव्हा शेजारची बाई मोबाइलवर बोलत असते आणि माझी बोटं मांडीवर आपोआप हलतात, इथून काप, तिथून काप. घरी गेल्यावर कुणाशी बोलावंसं वाटत नाही. बोलायला कुणी नाही हे एका अर्थी बरंच आहे. लोकांना माझी दया येते, मला येत नाही, मला फक्त दमायला होतं.

ताईंकडे मी गेले तेव्हा कॉलेजात होते. त्यांच्या बाहेरच्या खोलीत गवसणी घातलेले दोन तानपुरे कोपऱ्यात उभे असायचे, मापाने थोडे लहानमोठे. अर्धा वर्ग तानपुरा जुळवण्यातच जायचा. खुंटी पिळायची, मणी सरकवायचा, घोडीवरच्या तारेखालचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे, आणि मग मध्येच तार अशी काही बोलायला लागायची की खोलीची हवाच बदलायची. आम्हाला कंटाळा यायचा. शिकायला आलोय ना, मग शिकवा की! एकदा ताई स्वयंपाकघरात माशांचं कालवण टाकत होत्या, फोडणी तडतडत होती, नळ चालू होता, बाहेर मी तानपुरा छेडत बसले होते, आणि आतून हाक आली, "शुभे, पंचम उतरलाय!" मला तर काही कळलं नव्हतं. मी जवळ कान नेला, पुन्हा छेडला, आणि खरंच, जरासाच, उतरला होता. मला त्या दिवशी ताईंची भीती वाटली. नंतर कितीतरी वर्षांनी, मी गाणं सोडून नोकरीला लागते म्हणून पाया पडायला गेले, तर म्हणाल्या, "तुझा गळा बेताचाच आहे, मी तुला खोटं सांगणार नाही. पण कान माझा आहे. माझा कान तुला दिलाय मी." मला तेव्हा गळ्याबद्दलचंच लागलं होतं. बसस्टॉपवर उभी राहून रडले होते.

तर मी ठरवलं, ॲपने काढलेला तानपुरा मी परत घालते. अवघड नव्हतंच. ताईंची पट्टी मला माहीत, जन्मभर काळी चार, आता उतरून पांढरी पाच. गाताना त्या पेटीवर आधी सा धरून घेतात, तेही रेकॉर्डिंगमध्ये होतं, पेटी ॲपने ठेवली होती, कृपाच. माझ्याकडे चांगल्या तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग होतं. ते पांढरी पाचला आणलं, ताईंच्या आवाजाखाली ठेवलं, आवाज हळू केला, आणि डोळे मिटले. आहाहा! सा त्या तारांत जाऊन असा बसला, की माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, चला, झालं काम, ताई खूश होतील, हॉल भरेल, मी पहिल्या रांगेत बसेन. तोडी पुढे सरकत होती. मग कुठेतरी, मला वाटतं पंचमावर, किंचित घासल्यासारखं झालं. मी म्हटलं असेल. पुढच्या ‘सा’ला पुन्हा घासलं. ताई खाली होत्या. अगदी नखभर. मी मागे जाऊन पुन्हा ऐकलं. मग पुढचं ऐकलं. मध्यलयीला आल्या तेव्हा नखभराचं बोटभर झालं होतं, आणि द्रुतला त्या आपल्या वाटेने चालल्या होत्या आणि तानपुरा आपल्या वाटेने, दोघांची ओळखच नव्हती. मी दुसरा गुरुवार काढला, तिसरा काढला. सगळीकडे तेच. पेटीवर धरलेला सा पक्का, आणि तिथून हळूहळू, एकसारखी घसरण. मी तानपुरा बंद केला. लगेच सगळं सुंदर झालं. सुरांची आपसातली अंतरं चोख होती, गंधार तसाच काळजात जाणारा होता. सगळी इमारतच्या इमारत खाली चालली होती, पण शेजारी काही उभंच नसेल तर कुणाला कळणार? तानपुरा चालू केला, बेसूर. बंद केला, सुरेल. मी हे किती वेळा केलं कोण जाणे. मग जे मला आधीच कळलं होतं ते मी कबूल केलं. ॲपने तानपुरा कापला तो आमच्यासाठी. ताईंच्या खोलीत तर तो वाजत होता ना. त्यांच्या अगदी मांडीजवळ. त्यांना तो ऐकू येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत निलेशला ऐकवलं. निलेश आणि मी एकाच टेबलावर कितीतरी वर्षं काम करतोय, तो गाणी मिक्स करतो. दोन मिनिटं ऐकून म्हणाला, "अगं मग ट्यून मारून टाक ना यार. कोणाला कळतंय?"

"ताईंना कळेल."

"ऐंशी वर्षांच्या बाईला? काय बोलतेस! झकास करून देतो मी, दे इकडे."

त्याने करून दिलं. प्रत्येक सूर उचलून जागेवर बसवला, मनापासून केलं बिचाऱ्याने, जेवणाची सुट्टी घालवून. मी ऐकलं. सूर शंभर टक्के बरोबर होते आणि ताई कुठेच नव्हत्या. एका सुरावरून दुसऱ्यावर त्या जशा ओघळत जातात, तिथे आता पायऱ्या पडल्या होत्या. त्यांच्या गळ्यात बसून दुसरीच कुणी बाई गात होती. मी निलेशला थँक्यू म्हटलं आणि ती फाइल पुसून टाकली. तो म्हणाला, "तुझं काय होणार शुभा, कठीण आहे." मलाही तसंच वाटत होतं. म्हणजे आता माझ्याकडे दोन तोड्या उरल्या. एक तानपुऱ्याशिवायची, तशी खरीच, एकही सूर न हलवलेली. एक तानपुऱ्यासकट. पहिली ऐकवली तर ताई गाणार, आणि हॉलमध्ये त्यांच्या मागे कुणीतरी मुलगी तानपुरा घेऊन बसणार, आणि पहिल्या रांगेतले सगळे जुने कान खाली माना घालून आपापल्या चपलांकडे बघत बसणार. दुसरी ऐकवली तर त्या पुन्हा तोंडातून सूर काढणार नाहीत, गुरुवारीसुद्धा नाही. बसमध्ये, ऑफिसच्या लिफ्टमध्ये, भाजी निवडताना, मी हेच चघळत होते. कधी ताईंचा राग यायचा, म्हाताऱ्या माणसाने कान तपासून घ्यायला नकोत? कधी अनिरुद्धचा, हॉल कशाला घेतोस मेल्या. आणि सगळ्यात जास्त, तो कान मला देऊन ठेवल्याबद्दल. द्यायचा कुणाला तरी दुसऱ्याला.

शनिवारी सकाळी गेले. शीतलने दार उघडलं आणि चपला काढायच्या आतच हळू आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं. ती मालवणकडची. "बघा ना वो, मी त्या डब्याक हात पण लावूक नाय, आणि ह्या माझ्यावर सारख्या ओरडतत, बंद कित्याक केलंस, बंद कित्याक केलंस." डबा म्हणजे ताईंचा विजेवरचा तानपुरा, रेडिओएवढा, स्टुलावर ठेवलेला. खरे तानपुरे आता उचलवत नाहीत. डबा चालू होता, बऱ्यापैकी मोठ्याने, ताईंच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर. ताईंनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, माझ्या तोंडाकडे टक लावून बघत विचारलं, "आणलंस?" मी लॅपटॉप उघडला. दोन्ही फायली शेजारी शेजारी होत्या. खरं सांगते, घरून निघताना मी दुसरी ऐकवायची असं ठरवून निघाले होते. पण त्या हेडफोन घालून इतक्या शहाण्या मुलीसारख्या बसल्या, केस कानामागे घेऊन, की माझा हात पहिलीवर गेला. आवाज पार वर नेला.

त्या ऐकत राहिल्या. बोटं मांडीवर मात्रा मोजत होती. एका जागेला स्वतःलाच दाद दिल्यासारखी मान हलली, आणि मग त्या थांबल्या. डोळे उघडले.

"तानपुरा कुठाय गं?"

"ॲपने कापला, ताई," मी त्यांच्या समोर येऊन, तोंड मोठं करत म्हटलं. "त्याला तो गोंगाट वाटतो. पंख्यासारखा."

"म्हणजे ह्यात नाहीच?"

"नाहीच."

"तुलासुद्धा नाही ऐकू आला?"

"नाही, ताई."

ताईंनी हेडफोन काढले. मला वाटलं रडतील, पण त्या हसायला लागल्या, हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "अगं बाई गं! मला वाटलं मलाच ऐकू येत नाही. वर्ष झालं शुभा, फोनवर माझंच गाणं लावते आणि तानपुरा शोधत बसते. जीव टांगणीला लागलाय नुसता. सांगणार कुणाला? अनिरुद्धला सांगितलं असतं तर त्याने कानात यंत्र बसवून आणलं असतं मला. आणि हे तर मुळातच नाही! शीतल, अगं शीतल, हिला थालीपीठ लाव! गाते म्हणावं मी. सांग अनिरुद्धला, गाते." त्यांचा हात माझ्या हातावर होता, हलका, कोरडा. मी काही खोटं बोलले नव्हते. एक शब्द खोटा नव्हता. मला फक्त लॅपटॉप मिटायचा होता, थालीपीठ खायचं होतं आणि घरी जाऊन झोपायचं होतं. इतकं झोपावंसं वाटलं मला त्या क्षणी, की तिथेच खुर्चीत मान टाकावी.

"थांब, आता तुला समोरच ऐकवते," ताई म्हणाल्या. पाठ सरळ केली, पदर खांद्यावर घेतला, पेटी जवळ ओढली. "लाव तो तानपुरा. ही शीतल सारखी बंद करून ठेवते."

शीतल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पिठाच्या हातांनी.

"लागलाय, ताई," मी म्हटलं.

"अं?"

"तानपुरा. लागलाय. मी आले तेव्हापासून चालूच आहे."

ताईंनी डब्याकडे पाहिलं. त्याच्यावरचा लाल दिवा जळत होता. मग शीतलकडे पाहिलं, ती खाली बघत होती. मग पुन्हा माझ्या तोंडाकडे, मी अजून काही बोलतेय का ते बघायला. पेटीच्या भात्यावरचा हात त्यांनी काढून घेतला.

"आणि मी?" त्यांनी विचारलं. "त्या गाण्यात. मी कुठे असते?"

"सुरुवातीला बरोबर असता."

"मग?"

"मग खाली, ताई. शेवटी बरंच खाली."

"तू तानपुरा घालून पाहिला असशील."

"हो."

"मग ते का नाही लावलंस?"

"जिवावर आलं, ताई."

त्यावर त्या रागावल्या नाहीत. मला वाटलं होतं, मला हवंही होतं, की ओरडतील. डबा आपला वाजत राहिला, सा, सा, पंचम, सा, आणि मला तो बंद करायला उठवेना. आत तव्यावर काहीतरी करपल्याचा वास आला तशी शीतल पळाली.

"अनिरुद्धला फोन लाव," ताई म्हणाल्या.

मी लावला. रिंग वाजायला लागल्यावर फोन त्यांच्यापुढे धरला.

"तूच बोल," त्या म्हणाल्या. "मला फोनवरचं ऐकू येत नाही." मग मान खाली घालून म्हणाल्या, "समोरचंही फारसं येत नाही गं."